व्यंकटराव शिरस्तेदारांची हरकत

आमच्या कॉलनीतले किसनराव वारले, तेव्हा शोकसभेत मी फार सुंदर बोललो होतो. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. कुणी सांगितलं नाही, याचं कारण व्यंकटराव शिरस्तेदार. मी म्हणालो, "किसनरावांच्या तोंडून कधी कुणी चढा आवाज ऐकला नाही." आणि थांबलो. अशा वाक्यानंतर थांबायचं असतं. तेवढ्यात बायका डोळ्यांना पदर लावून घेतात. नेमका त्याच वेळी मागच्या खुर्च्यांमधून एक हात वर झाला.

"हरकत हाय," व्यंकटराव म्हणाले.

शोकप्रस्तावाला हरकत घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ते सावकाश उभे राहिले, शर्ट खालून ओढून सरळ केला आणि म्हणाले, "किसनराव लई तापट होता. नळाच्या पाण्यावरून माझ्यावर पायताण फेकलं होतं त्यानं. नेम बी चांगला होता. मग सांजच्याला पायताण परत न्यायला आला, आन् जेवून गेला."

मी घाबरून किसनरावांच्या बायकोकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून त्या बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या एकदम हसल्या. "ताट बी फेकायचे," त्या म्हणाल्या, "मग सोताच खाली बसून भाताची शितं गोळा करायचे." आणि त्यांना रडू फुटलं, पहिल्यांदाच, अगदी भरभरून. त्यानंतर सभा माझ्या हातात राहिली नाही. जो तो उठून किसनरावांच्या रागाच्या गोष्टी सांगायला लागला. खुर्च्या उचलायची वेळ झाली तरी लोक हलेनात. जाताना प्रत्येक जण व्यंकटरावांचा हात धरून "बरं झालं बोललात" म्हणत होता. माझ्याकडे फक्त मांडववाला आला, माईक मागायला.

मला व्यंकटरावांचा हेवा वाटतो. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि सूत्रसंचालन करतो. नायगावपासून हिमायतनगरपर्यंत कुठेही सत्कार असो, उद्घाटन असो, साखरपुडा असो, माझं नाव पत्रिकेत खाली का होईना पण असतं. आवाज चांगला आहे, हे शत्रूही मान्य करतील. पण मला शत्रू नाहीत. तीच तर अडचण आहे. मी सगळ्यांबद्दल चांगलं बोलतो. सगळे मला बोलावतात, शाल घालतात, आणि मी बोलत असताना आपापसांत गप्पा मारतात. व्यंकटरावांना कुणी बोलावत नाही. ते आपणहून येतात, मागे बसतात, आणि त्यांनी हात वर केला की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता होते. इतक्या वर्षांत माझ्यासाठी तशी शांतता एकदाच झाली होती, आणि तेव्हा लाइट गेली होती.

व्यंकटराव कोर्टात बेंच क्लार्क म्हणून लागले आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी न्यायाधीशाच्या पुढ्यात बसून लोकांचं म्हणणं ऐकण्यात गेली. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तिथलंच. एकदा मी चिडून विचारलं, "काका, तुम्हाला प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायलाच पाहिजे का?" ते ओट्यावर शेंगा फोडत होते. म्हणाले, "बसा. शेंगा खा. नवा होतो तवा वादीचा वकील बोलला की मला वाटायचं, झालं की, ह्याचंच खरं हाय, द्या निकाल, जेवाया जाऊ. मग दुसरा वकील उठायचा. अर्ध्या तासानं वाटायचं, आरं, खरं तर ह्याचं हाय. असं रोज. मग ध्यानात आलं. न्यायाधीश लई शाणा असतो म्हणून खरं सापडत न्हाई सर. दोघांनाबी बोलू देतेत म्हणून सापडतं. आता तुमच्या कॉलनीत एकाच बाजूचे वकील. सगळे वादीचे. मग दुसरा कुणीतरी पाहिजे का न्हाई? मी उभा राहतो."

"पण तुम्हाला पटलेलं असतं तरी?"

"मग तर जास्तच. मला पटलेलं खोटं असलं तर मला कोण सांगणार?"

हे बोलून त्यांनी एक खवट शेंग माझ्या हातावर ठेवली आणि मी ती चावली. "खवट हाय," ते म्हणाले. त्यांना मला आधी सांगता आलं असतं, पण त्यांच्या मते प्रत्येकानं स्वतः चावून बघावं.

बोअरची गोष्ट तर अख्ख्या अहमदपूरला माहीत आहे. कॉलनीत सामाईक बोअर घ्यायचं ठरलं. पाणाड्या आला. हातावर नारळ आडवा ठेवून तो मोकळ्या जागेत फिरला. मंदिराच्या मागे नारळ ताडकन उभा राहिला. लोकांनी तिथेच नमस्कार केला. संध्याकाळी बैठक झाली, मी ठराव मांडला, आणि सर्वानुमते हा शब्द माझ्या तोंडातून निघायच्या आत हात वर.

"हरकत हाय. दुसरा पाणाड्या बोलवा. पहिल्यानं कुठं दाखवलं ते त्याला सांगू नका."

लोक खवळले. त्यातच एका भाड्याच्या घरात राहणारा तरुण इंजिनिअर उठला आणि म्हणाला, बोअर घेऊच नका, पावसाचं पाणी जमिनीत जिरवा. मग तर विचारूच नका. "भाडेकरूनं मधी बोलू न्हाई," "ह्याचं मत कुणी मागितलं," असा एकच कालवा झाला. पोरगा खाली बसायला लागला. व्यंकटराव खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याला पुन्हा उठवलं. "बोलू द्या त्याला," ते म्हणाले. "चुकीचं बोलून राहिला असंल, तर पुरं चुकू द्या. अर्ध्यात बसवला तर कुठं चुकला ते आपल्याला कसं कळणार?" पोरगा बोलला. सगळं बोलला. तो बसताच व्यंकटराव सभेकडे वळले आणि म्हणाले, "आता ह्याच्याबी म्हणण्याला माझी हरकत हाय," आणि त्यांनी त्याचे सगळे मुद्दे एकेक करून खोडले. पण घरी जाताना तोच त्यांच्या स्कूटरवर मागे बसला होता.

दुसरा पाणाड्या आला आणि त्यानं तिसरीच जागा दाखवली. दोन पाणाडे एकमेकांच्या अंगावर धावून गेले, नारळ दोघांनी मिळून फोडला. शेवटी कंटाळून मंदिरामागेच बोअर मारलं आणि पाणी लागलं, धो धो. म्हणजे व्यंकटराव साफ चुकले. मला वाटलं, आता तोंड लपवतील. कशाचं काय. ते पाण्याखाली जाऊन उभे राहिले, डोकं ओलं करून घेतलं आणि ओरडून सांगितलं, "माझी हरकत चूक निघाली बरं का." आनंद तर असा, जणू त्यांनीच पाणी दाखवलं होतं. लोक त्यांना पेढे भरवत होते. मी पहिल्यापासून बरोबर होतो. मला कुणी पेढा दिला नाही. बरोबर असून माझं कौतुक नाही आणि चुकून त्यांचं आहे, हा कुठला न्याय, हे मी बायकोला रात्री जेवताना विचारलं. शोभा म्हणाली, "तुम्ही बरोबर नव्हता. तुम्ही फक्त हो म्हणाला होता." आणि वर भाजी वाढली.

आता सोयरिकीचं घ्या. आपल्याकडे मुलगी द्यायची म्हटलं की मुलाच्या शेजाऱ्यांकडे चौकशी करतात, आणि शेजारी चांगलंच सांगतात. कुणाचं मोडायचं पाप कोण घेईल? नायगावचे एक पाहुणे आमच्या गल्लीतल्या गजाननची चौकशी करायला माझ्याकडे आले. मी म्हणालो, "पोरगा म्हणजे हिरा आहे. निर्व्यसनी, आज्ञाधारक, कष्टाळू." त्यांनी चहा घेतला, हात जोडले, चपला घातल्या आणि दारातून विचारलं, "शिरस्तेदार साहेबांचं घर कोणतं जी?"

मी आमच्या दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला कान लावून उभा राहिलो. हो, लावला. व्यंकटराव सांगत होते, "उशिरा उठतो. हट्टी हाय. एकदा न्हाई म्हणला की बापाचं बी ऐकत न्हाई. पण माय आजारी पडली तवा घरातला स्वैपाक ह्यानंच केला, आन् लाजला न्हाई. भाकरी गोल जमत न्हाई त्याला अजून." पाहुणे तिथल्या तिथे हो म्हणून गेले. वाईट खरं सांगणारा माणूस चांगलंही खरंच सांगत असणार, असा त्यांचा हिशेब. मी सांगितलेला हिरा कुणी उचललासुद्धा नाही. लग्नात व्यंकटरावांना पहिल्या पंगतीला पाटावर बसवलं. मी उभा, माईक धरून, मंगलाष्टकं संपायची वाट बघत.

पण हेही मी सोसलं असतं. मुक्ताचं मात्र मला जिव्हारी लागलं.

मुक्ता माझी मुलगी. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लास लावला होता, तिथेच खोली घेऊन राहायची. दिवाळीला घरी आली की तिचा मुक्काम आमच्याकडे कमी आणि व्यंकटरावांच्या ओट्यावर जास्त. मी गच्चीवरून बघायचो. हातवारे करून करून बोलायची पोरगी. आमच्यापाशी "जेवण झालं, झोपते" याच्यापुढे तिची गाडी जात नाही. एक दिवस व्यंकटरावच तिला घेऊन आमच्या बैठकीत आले. "हिला तुमच्याशी बोलायचं हाय," ते म्हणाले. "मला सांगून काही उपयोग न्हाई, बापाला सांग, असं मी म्हणलो."

मुक्ता म्हणाली, तिला डॉक्टर व्हायचं नाही. पुस्तकातली चित्रं बघूनसुद्धा तिला गरगरतं. तिला भूगोल शिकायचाय. मी विचारलं, "मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय कळणार होतं, बाबा? डॉक्टर होते म्हटलं तेव्हा तुम्ही छान म्हणाला. भूगोल म्हटलं असतं तर त्यालाही छान म्हणाला असता. मला कुणीतरी 'का?' म्हणून विचारायला पाहिजे होतं."

व्यंकटराव छताकडे बघत होते. त्या माणसानं माझ्या मुलीला 'का?' म्हणून विचारलं होतं. मी रात्री गच्चीवर फेऱ्या मारल्या. व्यंकटराव घरी झोपले होते आणि त्यांच्या घोरण्याचाही मला राग येत होता.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. लहानखुऱ्या, उदगीरकडच्या, बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द टाकणाऱ्या. जगाला हरकत घेणाऱ्या व्यंकटरावांना घरात काकूंची हरकत असायची. त्यांनी भाजी आणली की जून, पंखा लावला की जोरात, पेपर वाचला की मोठ्यानं. दोघांचा वाद भिंतीतून आमच्याकडे रोज यायचा. बहुतेक वेळा व्यंकटराव हरायचे आणि हरले की गुणगुणत बाहेर यायचे. मला त्याचाही हेवा वाटायचा. आमच्या घरात सगळं शांत असतं.

काकू पावसाळ्यात थोड्याशा आजारानं गेल्या. शोकसभा नको म्हणून व्यंकटरावांनी आधीच सांगून टाकलं होतं. नंतरही ते कॉलनीच्या बैठकांना येत राहिले, हात वर करत राहिले, पण मला जाणवायला लागलं की हरकत घेऊन ते लवकर खाली बसतात. कुणी उलट उत्तर दिलं की पूर्वी उजळायचे. आता लोक उलट उत्तरच देत नव्हते. म्हातारा माणूस, त्यात बायको गेलेली, कशाला दुखवा, म्हणून सगळे म्हणायचे, "बरोबर आहे काका, तुम्ही म्हणता तसंच करू." ते शर्ट खालून ओढून सरळ करायचे आणि बसायचे.

एका सकाळी ते आमच्या दारात आले. "सर, मी पुण्याला चाललो. सतीशकडं. कायमचा. घर भाड्यानं देणार. तुमचं काय म्हणणं हाय?"

सतीश त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत नोकरीला, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा. खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या डोळ्यांपुढे पुढची सगळी सूत्रसंचालनं एकापाठोपाठ एक आली, कुठेही हात वर न होता. मी म्हणालो, "वा. उत्तम निर्णय, काका."

"उत्तम?"

"अगदी उत्तम. आराम करा. नातवंडं आहेत."

"काहीच न्हाई म्हणणं?"

"छे छे. छानच."

ते पायऱ्या उतरले. मग पलीकडच्या घरी गेले. तिथून पुढच्या. अख्खी कॉलनी त्या दिवशी त्यांनी पालथी घातली. शोभा खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "ते सांगायला आले नव्हते. विचारायला आले होते." मी म्हणालो, तुझं आपलं काहीतरीच.

निरोप समारंभ ठरला. मंदिरापुढे मांडव, सूत्रसंचालन अर्थातच माझं. सतीश वडिलांना न्यायला गाडी घेऊन आला होता, तो पुढच्या रांगेत बसला. लातूरला आता भूगोल शिकणारी मुक्ताही मुद्दाम आली. शाल झाली, नारळ झाला, भाषणं सुरू झाली. प्रत्येकानं व्यंकटरावांच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं आणि एकानंही स्पष्ट काही सांगितलं नाही. "काकांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही," सचिव म्हणाले. मी मनात म्हटलं, आता उठतील. त्यांच्याबद्दल इतकं धडधडीत खोटं कुणी बोललं नव्हतं. व्यंकटराव उठले नाहीत. प्रत्येक भाषण संपलं की त्यांची नजर मागच्या खुर्च्यांवर फिरत होती, कुणाचा हात वर होतोय का ते बघत. मागे कुणाचाच हात नव्हता. ते पुन्हा मांडीवरच्या नारळाकडे बघायचे.

आता मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. समारोपाचं भाषण माझं तोंडपाठ होतं. मी सुरुवातही केली. "अशी माणसं जिथे जातात तिथे" एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य मला स्वतःलाच ऐकवेना. मी माईक खाली घेतला, पुन्हा वर घेतला.

"काका, तुमचं जाणं मला पटलेलं नाही," मी म्हणालो.

मांडवातली कुजबुज थांबली.

"तुम्ही गेलात तर माझं बरंच होईल. तुमच्यामुळे माझी चांगली चांगली भाषणं मातीत गेली आहेत. मी शोकसभेत बोललो, लोक तुमच्याशी बोलत घरी गेले. लग्न मी जुळवायचा प्रयत्न केला, पाटावर तुम्ही बसलात. तुमच्यावर मी किती वर्षं जळतोय, हे माझ्या बायकोला विचारा. म्हणजे मी हे तुमच्यावरच्या प्रेमानं बोलतोय असं समजू नका. पण पुण्यात तुम्ही कुणाशी भांडणार? सातव्या मजल्यावर, सगळी दारं बंद. तिथं लोक लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. आणि माझी मुलगी. तिला काही खरं बोलायचं असलं की ती तुमच्याकडे येते. अजून माझ्याकडे येत नाही. मला शिकायला वेळ लागणार आहे. तोवर तिनं कुठं जायचं?"

मी मुक्ताकडे बघायचं टाळलं. व्यंकटराव खुर्चीत ताठ झाले होते. नारळ त्यांनी बाजूला ठेवला.

"पुरावा?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"मला तिथं करमणार न्हाई, ह्याचा."

"तुम्ही एका दिवसात अख्ख्या कॉलनीला विचारत फिरलात, हाच पुरावा. मन तयार असलेला माणूस एवढा विचारत नाही."

मांडवात कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबली. व्यंकटराव सतीशकडे वळले. "सतीश, तुझं काय म्हणणं हाय? उभा राहून सांग."

सतीश उठला. घाम पुसला. "अप्पा, तुम्हीच येतो म्हणलात."

"तू बोलावलं म्हणून म्हणलो."

"मी बोलावलं कारण आई गेल्यापासून जो तो मला म्हणून राहिला, बापाला एकटं टाकलं. मला वाटलं, तुम्हाला यायचं असंल आन् तुम्ही बोलत नसाल."

"मी? आन् बोलत नसंल?"

सगळा मांडव हसला. सतीश हसला नाही. "माझ्याशी न्हाई बोलत तुम्ही, अप्पा. मी म्हणल त्याला हाव, न्हाई म्हणून कधी न्हाईच. शाळा बदलली, हाव. पुण्याला जातो, हाव. माझ्याशी भांडायची ती आईच. मला कधी कळलंच न्हाई तुमच्या मनात काय हाय."

व्यंकटरावांनी शालीचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. न्यायाधीशांपुढे, आमदारांपुढे, मेलेल्या माणसाच्या फोटोपुढे ज्यांची जीभ कधी अडली नव्हती, ते शब्द शोधत होते. "तुला न्हाई म्हणायला मला जमलंच न्हाई कधी," शेवटी ते म्हणाले. "तू रुसून बसशील वाटायचं. लहानपणी लई रुसायचास." मग आवाज जरा चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "मला न्हाई यायचं. उन्हाळ्यात येत जाईन, आंबे घेऊन. कायमचं न्हाई."

"मग आधी सांगायचं की," सतीश म्हणाला, आणि खाली बसून त्यानं तोंड रुमालात घातलं. तो हसत होता की रडत होता, ते मला समोरून दिसलं नाही. सचिव मला हळूच विचारत होते, शाल परत घ्यायची का. मी म्हणालो, राहू द्या.

जेवणं झाली. सगळे व्यंकटरावांच्या भोवती गोळा झाले होते, आणि मी नेहमीप्रमाणे बाजूला, वायर गुंडाळत. मुक्ता माझ्याजवळ आली. तिनं वायरचं दुसरं टोक धरलं. "बाबा, आजचं बोललात ते थोडं जास्त झालं," ती म्हणाली. "सातव्या मजल्याचं ठीक होतं. लिफ्टचं काढून टाकायला पाहिजे होतं." मी म्हणालो, लिफ्टचं मला आवडलं होतं. आम्ही त्यावर मांडव उतरेपर्यंत वाद घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यंकटरावांनी भिंतीवरून हाक मारली, "सर, चहाला या." काकू गेल्यापासून मी त्यांच्या घरात आत कधी गेलो नव्हतो. सतीश सकाळीच निघाला होता. बांधलेल्या बॅगा बैठकीत तशाच होत्या. त्यांनी स्वतः चहा केला, कप-बशी नीट पुसून माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसले. माझा घोट होईपर्यंत त्यांनी आपला कप उचलला नाही.

"कसा झालाय?"

मी आयुष्यभर चहाला छान म्हणत आलोय. हिमायतनगरला एकदा त्यात मीठ पडलं होतं, तरी मी छान म्हणालो होतो. पण ते माझ्याकडे असे काही बघत होते की तो शब्द तोंडात आला आणि तिथेच राहिला.

"वाईट झालाय," मी म्हणालो. "पत्ती करपल्यासारखी लागतेय. साखर तर पाकासारखी."

त्यांनी आपल्या कपातला घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, गिळला. "ती गेल्यापासून सगळे येतेत आन् छान म्हणतेत," ते म्हणाले. "शेजारी, पाहुणे, सतीश, सतीशची बायको. मला वाटून राहिलं होतं कायतरी चुकतंय. पण सगळेच छान म्हणल्यावर कसं कळणार? तिनं पहिल्याच घोटाला कप सरकवला असता." त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. त्याही क्षणी मला त्यांचा हेवा वाटला. मला माझ्या घरी वाईट म्हणणारं कुणी आहे की नाही, हे मी कधी विचारून बघितलंच नव्हतं.

त्यांनी दोन्ही कप उचलून मोरीत ओतले. स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला, मग हाक आली.

"सर, इकडं या. पत्ती कवा टाकायची ते सांगा. तिथं बसून न्हाई, हितं उभं राहून सांगा."

मी उठून त्यांच्या शेजारी गॅसपाशी जाऊन उभा राहिलो. पाणी अजून तापायचं होतं, आणि त्यांचा हात पत्तीच्या डब्याकडे गेला.

"थांबा," मी म्हणालो. "अजून नाही."